न बघता शेंगा फोडणारी माणसं

माझी आई अंगणवाडीत सेविका होती. हातापायांच्या काड्या झालेली, पोट पुढं आलेली लेकरं तिच्याकडं यायची आणि ती त्यांना शेंगदाण्याचा अन् गुळाचा लाडू भरवायची. दोन-तीन महिन्यांनी त्यांचे गाल भरले की ती समाधानानं म्हणायची, लेकरू धरलं. दाण्यानं लेकरू धरतं, हे तिचं पक्कं मत. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरात आमटीत कूट, भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, आणि ताटाच्या डाव्या बाजूला खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली लाल चटणी असायचीच. मी त्याच दाण्यांवर वाढले, शिकले, शाळेत गणिताची शिक्षिका झाले, लग्न होऊन पुंडलिकनगरला गेले, एका मुलीची आई झाले. सदतिसाव्या वर्षापर्यंत शेंगदाण्यानं माझं काहीही वाकडं केलं नव्हतं.

त्या वर्षी हिवाळ्यात धाकट्या भावाचं लग्न झालं. लग्नाला दोन महिने झाले असतील, त्याच्या मित्रानं आम्हा सगळ्यांना शेतावर हुरडा खायला बोलावलं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, हातावर चोळलेला गरम हुरडा, सोबत दही, गूळ आणि आईनं घरून डबाभर नेलेली चटणी. मी सतरंजीवर बसून मूठमूठ खाल्लं. थोड्या वेळानं तळहातांना खाज सुटली. शेतातलं काही चावलं असेल म्हणून मी हात झटकले. मग ओठ जड वाटायला लागले. नवी भावजय माझ्यासमोरच बसली होती. ती म्हणाली, "ताई, तुमचे ओठ," आणि हातातला हुरडा टाकून उठली.

गाडीत मागच्या सीटवर मी तिच्या मांडीवर डोकं टेकून होते. भाऊ गाडी चालवत होता. नवरा पुढं बसून दवाखान्याला फोन लावत होता. आई मागच्या दुसऱ्या गाडीत होती. माझ्या हातांवर, मानेवर, पोटावर लालभडक गांधी उठल्या होत्या, एकीत एक मिसळलेल्या. श्वास आत जात होता, पण पुरत नव्हता. जिच्याशी माझं अजून धड बोलणंही झालं नव्हतं ती मुलगी माझ्या बाह्या वर करून गांधी बघत होती आणि सारखं म्हणत होती, "आलं ताई, समोरच आहे." दवाखाना चांगला वीस मिनिटं लांब होता, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मी वाचले. पुढं तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की शेंगदाणा आता आयुष्यातून काढायचा. एक दाणाही नको, आणि ज्या कढईत दाणे भाजले त्या कढईतलंही नको. इतकी वर्षं खाल्लं तेव्हा काही झालं नाही, मग आताच का, असं मी विचारलं. मोठेपणीही होतं, ते म्हणाले, का होतं ते नेमकं सांगता येत नाही. इंजेक्शन आणि गोळ्यांची एक छोटी पिशवी कायम जवळ ठेवायला सांगितली. इंजेक्शन कसं टोचायचं ते नवऱ्याला आणि आईला शिकवलं.

घरी आल्यावर आई खाटेवर बसून राहिली. "दाण्यानं? दाण्यानं कसं व्हईल?" तिनं तीनदा विचारलं. मग स्वतःशीच म्हणाली, "मी तर तुला आठव्या महिन्यापासून चारलाय दाणा." तिच्यावर कुणी आरोप केला नव्हता, पण तिचा आवाज तसाच होता.

पहिले सहा महिने भीतीत गेले. हेवा नंतर आला.

भीतीचं एक बरं असतं, तिला कामं असतात. मी पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाचायला चष्मा बदलून घेतला. घरातलं तेल बदललं, डबे बदलले, मिक्सरचं भांडं नवं आणलं. लग्नाच्या जेवणात आचाऱ्याला शोधून विचारायचं, नान खलियाच्या मटणाची दावत असली तर मसाल्यात काय काय वाटलंय ते विचारायचं, आणि उत्तर देताना समोरच्याचे डोळे इकडंतिकडं गेले की घरी येऊन वरणभात खायचा. गारखेड्यातला एक भेळवाला मला बऱ्याच वर्षांपासून ओळखायचा. त्याला मी म्हटलं, माझ्यासाठी बिनादाण्याची कर. त्यानं हातातली वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, "फल्ली नहीं डालूंगा बाजी, पर हाथ तो वही है ना." त्या वर्षात मला इतकं सरळ उत्तर दुसऱ्या कुणी दिलं नाही. मी त्याच्याकडं पुन्हा गेले नाही, पण रस्त्यात दिसला की मान हलवून ओळख देते.

मग हळूहळू भीती अंगवळणी पडली आणि मोकळ्या झालेल्या जागेत हेवा येऊन बसला. आधी तो शाळेत आला. मधल्या सुट्टीत आम्ही सगळ्या शिक्षिका टेबलाभोवती बसून एकमेकींच्या डब्यात हात घालायचो. माझ्या डब्यातली चटणी सगळ्यात आधी संपायची, याचा मला कोण अभिमान होता. आता मी टेबलाच्या टोकाला, खिडकीशी बसू लागले. कुणी मला तिथं बसवलं नव्हतं. एक-दोघी आपला डबा उघडायच्या आधी विचारायच्या, "तुम्हाला चालेल ना?" त्या काळजीनंच विचारत होत्या, पण रोज कुणीतरी परवानगी मागावी आणि रोज आपण ती द्यावी, यात मला माझी लाज वाटायची. एक बाई मात्र म्हणायच्या, थोडं थोडं खाऊन बघा, अंगाला सवय होते. त्यांचं बोलणं त्या मानानं सोपं होतं. त्यांच्यावर सरळ रागावता तरी यायचं.

आमचे एक मराठीचे सर होते, त्यांना शुगर. मला त्यांच्या शुगरचाही हेवा वाटायचा. शुगर म्हटलं की सगळे माना डोलावतात. प्रत्येकाच्या घरात एक शुगरवाला असतो. शिवाय सर वाढदिवसाचा अर्धा पेढा चोरून खायचे, सगळ्यांकडं बघून डोळा मिचकावायचे आणि दुपारी वर्गात जाऊन शिकवायचे. त्यांना चोरी करता येत होती. अर्ध्या दाण्याची चोरी करायची मला सोय नव्हती.

घरी मुलगी होती, दहा वर्षांची. तिनं आपणहून चिक्की सोडली, चिवडा सोडला. मैत्रिणीकडं काही खाऊन आली की दारातूनच सांगायची, "आई, आज जवळ येऊ नको," आणि मोरीत जाऊन साबणानं तोंड धुवायची. एवढं शहाणं लेकरू, मला खरं तर तिला कुशीत घ्यायला हवं होतं. पण ती काय खाऊन आली असेल, कुणाच्या घरी, कुणी वाढलं असेल, याच्याच विचारात मी उभी राहायची. स्वतःच्या मुलीचा हेवा वाटला की त्याला काय म्हणायचं, मला अजून कळलेलं नाही.

एकदा शाळेतून येताना रिक्षाची वाट बघत उभी होते. शेजारी एक बाई भाजलेल्या शेंगा खात होती. तिचं लक्ष फोनवर होतं. अंगठ्यानं शेंग फोडायची, दाणे तोंडात टाकायची, टरफल पायाशी टाकायची आणि एकदाही शेंगेकडं बघायची नाही. मी चार पावलं मागं सरले आणि तिच्याकडं इतकी टक लावून बघत राहिले की शेवटी तिनं मान वर केली आणि शेंगांचा पुडा माझ्यापुढं धरला. मी नको म्हटलं. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. चटणीची चव मी विसरत चालले होते. मला हवं होतं ते तिचं न बघणं. मी आता पाणीसुद्धा ग्लास तपासून पिते.

या सगळ्यात आईच्या घरी जाणं तेवढं राहिलं होतं. पण तिथंही बदल झाला होता. आईनं माझ्यासाठी एक पातेलं, एक ताट, एक डबा, एक तवा बाजूला काढला होता आणि त्यांच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका दिला होता. मी येणार म्हटलं की आदल्या दिवशी ओटा घासून काढायची, फडकी उकळायची, घरातला दाण्याचा डबा शेजारी नेऊन ठेवायची. मग मला दुधी, मुगाचं वरण आणि भात वाढायची, आणि माझं जेवण होईपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत बसायची. पूर्वी ती पहिला घास स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घालायची. मी नोकरीला लागले तरी, लग्न झालं तरी. ते तिनं बंद केलं. एकदा मीच आ केला, तर तिनं हात मागं घेतला आणि म्हणाली, "नाय बाई, माझ्या नखात असंल काय." तिनं लगेच नखं कापली आणि त्यानंतर कधी वाढूच दिली नाहीत. पण घास काही दिला नाही.

आणि त्याच घरात माझी भावजय चटणी कुटायला शिकली. आईचे खांदे दुखायला लागले होते, म्हणून खलबत्ता तिच्याकडं गेला. आईनं फोनवर मला कौतुकानं सांगितलं की हिच्या हाताला माझ्यासारखी चव आली बघ, शेजारणीला फरक कळला नाही. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. लहानपणी आईनं मला खलबत्त्याजवळ येऊ दिलं नव्हतं, बोटं ठेचतील म्हणून. मोठी झाल्यावर मी म्हणायची, शिकेन कधीतरी, घाई काय. आता ते कधीतरी दुसऱ्या कुणाला मिळालं होतं. ती पोर माझ्याशी चांगलीच वागायची. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेलेली, त्यामुळं माझ्या आईच्या पदराला धरून ती घरभर फिरायची. मला तिच्यात खोट काढायला काही मिळेना, आणि त्याचाही मला राग येई.

तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात आईनं डोहाळजेवण ठरवलं. माहेर आणि सासर दोन्ही आईच होती. सगळा स्वयंपाक बिनादाण्याचा करायचा, असं आईनं माझ्यासाठी ठरवलं, आणि भावजयीनं एकच मागितलं, की तिला चटणी-भाकरीचे डोहाळे लागलेत, तेवढी एक वाटी असू द्या. आईनं माझी परवानगी घेतली. मी म्हटलं, अगं असू दे की. मनात आलं, सगळ्या जगातलं खायचं सोडून हिला नेमके याचेच डोहाळे लागावेत.

त्या दिवशी पन्नासेक बायका आल्या होत्या. आधी बुद्धवंदना झाली. मग हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घातलेली भावजय पाटावर बसली. मी पलीकडं खुर्चीवर, माझा लाल ठिपक्याचा डबा पर्समध्ये ठेवून बसले होते. आई तिच्यापुढं बसली, भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात घातला. भावजयीनं डोळे मिटले. आई हसली. तेल लागलेली बोटं तिनं भावजयीच्याच हनुवटीला पुसली आणि दुसरा घास मोडला.

 मी दहा फुटांवर होते. त्या वाटीतलं काही माझ्यापर्यंत आलं नव्हतं, येणार नव्हतं. तळहात कोरडे होते, ओठ बरे होते, श्वास नेहमीसारखा चालला होता. हे सगळं मी आधी तपासलं आणि मग म्हणाले, "आई, माझ्या घशात काहीतरी होतंय."

वाटी आडवी झाली. आई उठली. पण ती धावत माझ्याकडं आली नाही, आधी मोरीकडं धावली आणि कोपरापर्यंत हात साबणानं घासायला लागली, नळ सोडून, साडी भिजवत. तेवढ्या गडबडीतही ती मला हात लावायच्या आधी हात धूत होती. ते बघूनही मी घशाला हात लावून तशीच बसले. तिनं माझी पिशवी उघडली तेव्हा तिचे हात इतके थरथरत होते की इंजेक्शनचं झाकण निघेना. मी म्हटलं, टोचू नको, दवाखान्यात जाऊ. ते इंजेक्शन गरज नसताना घ्यायचं नसतं, एवढं मला कळत होतं. आई माझ्याबरोबर रिक्षात बसली. जाताना मी मागं वळून बघितलं. बायका उभ्या राहिल्या होत्या आणि भावजय पाटावर बसून माझ्याकडं बघत होती.

दवाखान्यात त्यांनी रक्तदाब बघितला, घसा बघितला, छाती ऐकली. डॉक्टर तरुण होता. म्हणाला, काही दिसत नाही, तरी दोन-तीन तास इथंच थांबा. मग हळू आवाजात म्हणाला की ज्यांना एकदा मोठा त्रास झालेला असतो त्यांचा घसा कधी कधी भीतीनंही आवळतो, यात खोटं काही नसतं. त्यानं मला चांगली पळवाट दिली होती. मी मान हलवली.

आई स्टुलावर बसली होती. तिनं बाहेरून मोसंबी आणवली, ती सोलली, एकेक फोड सालीतून सोडवली, बी काढली आणि माझ्या तोंडात घातली. किती दिवसांनी. एक फोड, मग दुसरी, मग तिसरी. मी लहान मुलीसारखं तोंड उघडत होते. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. तिकडं कार्यक्रम आटपला असेल, भाऊ बायकांना निरोप देत असेल, हे मला माहीत होतं, आणि तरीही मोसंबी संपू नये असं वाटत होतं.

संध्याकाळी घरच्या ग्रुपवर फोटो आले. एकेक बाई ओटी भरताना. प्रत्येक फोटोत भावजय हसत होती. आईचा फोटो एकही नव्हता. मी फोन उलटा ठेवला. नवऱ्यानं विचारलं, अजून त्रास होतोय का. मी हो म्हटलं.

त्यानंतर तीन आठवडे मी आईकडं गेले नाही. आई मात्र रोज सकाळी फोन करायची, घसा कसा आहे विचारायची. तिनं आता दाण्याचा डबा घरातून कायमचाच काढला, असंही तिनं सांगितलं. खलबत्ता धुऊन माळ्यावर टाकला म्हणाली. रोजच्या त्या फोनानं मी आतून सडत चालले होते. शेवटी एका दुपारी, आई बँकेच्या कामाला गेलेली असणार हे बघून मी उस्मानपुऱ्याला गेले.

भावजय पाय लांब करून भिंतीला टेकून बसली होती. पायांवर सूज होती. मी चहासुद्धा होऊ दिला नाही. तिला सगळं सांगितलं. मला काही झालं नव्हतं, मी खोटं बोलले, तुला घास भरवलेला मला बघवला नाही.

तिनं सुजलेल्या पायांवर साडी ओढून घेतली. मग म्हणाली, "मला माहीत होतं, ताई. मी तुम्हाला खरं झालेलं पाहिलंय. त्या दिवशी तुमच्या हातावर एक गांध नव्हती."

मी विचारलं, मग तू काही बोलली का नाहीस.

"काय बोलणार? आणि मी चुकले असते तर?" ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. तिनं सांगितलं की तुम्ही येणार म्हटलं की या घरात दोन दिवस आधी घासपूस सुरू होते. मी लग्न होऊन आले, तर मला वांगं आवडत नाही हे आईंना कळायला वर्ष लागलं. तुमच्यासाठी वेगळं ताट, वेगळा तवा, वेगळं पातेलं, आणि ठिपका आई स्वतः रंगवतात, रंग गेला की पुन्हा रंगवतात. "मी रोज घासते ती भांडी. एक दिवस मला वाटलं, आपल्यालापण असं काहीतरी व्हावं." असं म्हणून ती घाबरली आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, "बाळ असताना असं बोलू नये."

 मी इतके दिवस तिच्या ताटाकडं बघत होते आणि ती माझ्या. मला हसू आलं नाही, तिलाही नाही. थोड्या वेळानं मी तिचे पाय माझ्या मांडीवर घेतले आणि चोळत बसले. तिनं ते होऊ दिलं. आईंना सांगणार का, तिनं विचारलं. मी म्हटलं, सांगते.

आई आली, पाणी प्याली आणि सुपात तांदूळ घेऊन बसली. मी तिच्यासमोर बसून सांगितलं. भावजयीला सांगताना शब्द आले होते, आईला सांगताना ते तुटत होते. आई तांदूळ निवडत राहिली. तिनं एकदाही वर बघितलं नाही. माझं बोलणं संपल्यावर तिनं दोन खडे काढून बाजूला ठेवले.

"त्या दिवसापासून माझा हात कापतोय," ती म्हणाली. "अजून थांबला नाय."

मी चुकले म्हटलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"ते राहू दे. उद्या तुला खरं झालं, आन् मला वाटलं ही खोटं बोलती, तर? मी आधी हात धुवायला जाईन का तुझ्या तोंडाकडं बघत बसंन? सांग मला."

  आई उठून आत गेली. त्यानंतर दीड महिना तिचा सकाळचा फोन आला नाही. मी करायचे तेव्हा दोन शब्द बोलायची आणि भावाकडं द्यायची. मला शिक्षा हवी होती, ती मिळत होती. पण त्या काळात एक गोष्ट झाली. भावजयीनं माळ्यावरचा खलबत्ता खाली काढायला लावला आणि आईनं काढून दिला.

भावजयीला मुलगी झाली. आईनं स्वतः फोन करून मला सांगितलं. आवाजात राग नव्हता, दम लागलेला होता. "ये," एवढंच म्हणाली. मी गेले. बाळाला बघताना आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो, आणि आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. हात धुतलेला होता, अजून ओला होता.

पोर सहा महिन्यांची झाली तेव्हा भावजयीनं तिच्या डॉक्टरांना विचारलं की घरात आत्याला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे, तर हिला कायमचं लांब ठेवायचं का. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि उलट सांगितलं. लांब ठेवू नका. एकदम बारीक, पातळ करून टोकभर द्या आणि तास-दोन तास लक्ष ठेवा. भावजयीनं मला फोन केला. "ताई, तुम्हीच या. सुरुवात कशी होते ते तुम्हाला जेवढं कळतं तेवढं आम्हाला कळणार नाही."

रविवारी सकाळी मी गेले. आईनं दाण्याची पेस्ट कोमट पाण्यात कालवली होती. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळ बसले. भावानं मोबाईलवर वेळ लावली. भावजयीनं बाळाला मांडीवर घेतलं आणि चमच्याचं टोक तिच्या ओठाला लावलं. पोरीनं जीभ बाहेर काढली, चाटलं, क्षणभर विचार केला आणि तोंड पुढं करून चमच्यावर झडप घातली. आई म्हणाली, "बघ, बघ कशी धरतीय."

मी बघत होते. तिचे ओठ, तिचे गाल, कानामागची कातडी, छातीची हालचाल. माझा जीव खालीवर होत होता. आणि त्याच वेळी, त्या सहा महिन्यांच्या जिवाचाही मला हेवा वाटला. आईनं चमचा पुन्हा बुडवला आणि पोरगी दोन्ही हातांनी तिच्या मनगटाला लोंबकळली. मला वाटलं होतं, सगळं बोलून झाल्यावर हे जाईल. गेलं नव्हतं. फक्त आता मला ते येताना ओळखू येत होतं, आणि ते आलं तरी मी खुर्चीवर बसून राहू शकत होते.

एक तास झाला. दुसराही झाला. पोरीच्या अंगावर काही उठलं नाही. ती खेळली, शी केली आणि रडून झोपेला आली. भावजयीनं तिचं तोंड तीनदा धुतलं, हात धुतले, झबलं बदललं, स्वतःही साडी बदलली. मग ती माझ्याकडं आली आणि बाळ माझ्या हातात दिलं. "घ्या आता," ती म्हणाली. मी घेतलं. आई स्वयंपाकघरात ठिपक्याचा तवा गॅसवर ठेवत होती आणि मला विचारत होती, भाकरी एक खाशील की दोन.